आप्पांचा गिअर आणि माझा ब्रेक

"अगं, ही गाडी काऊन एवढी बोंबलायली? तू तर काहीच दाबलं नाही!"

अजिंठ्याचा घाट. संध्याकाळचे साडेपाच. शेजारच्या सीटवर सासूबाई, मांडीवर फराळाचा डबा, आणि स्टिअरिंगवर मी. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हता. तरीही उतारावर इंजिन एकाएकी मोठ्याने घुमायला लागलं. इतका वेळ पाय उचलला की गाडी मागून कुणीतरी ओढून धरल्यासारखी सावकाश व्हायची, ते ओढणंही कमी झालं. समोर वळण, पलीकडून ट्रक वर येतोय आणि मनात एकच शब्द : ब्रेक गेला!

मैत्रिणींनो, ब्रेक गेला नव्हता. गाडीत कसलाही बिघाड नव्हता. पण हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, म्हणून हा लेख.

मी जालन्यात राहते. मराठी घेऊन बी. ए. केलं, लग्न झालं, दोन मुलं वाढवली. गेली बारा-तेरा वर्षं बचत गटांचं काम करते. बदनापूर, मंठा, परतूर अशा गावांना जावं लागतं. एसटीची वाट बघून आणि काळ्यापिवळ्या जीपमध्ये चौथ्या सीटवर सातवी म्हणून बसून कंटाळले, तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. आमची जुनी छोटी पेट्रोल गाडी चार वर्षं चालवली. एक ओरखडासुद्धा पडू दिला नाही, हे अभिमानाने सांगते.

गेल्या वर्षी ह्यांनी नवी गाडी घेतली. ह्यांचं मोंढ्यात आडत दुकान. आठवड्यातून दोन-तीनदा संभाजीनगरला फेरी असतेच. पेट्रोलचा खर्च बघून हायब्रिड घ्यायचं ठरलं. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही. बाहेरून चार्जिंगला लावायची नाही, ती आपली आपण बॅटरी भरून घेते. घरात पेढे वाटले, गाडीला लिंबू-मिरची बांधली. किल्ली हातात घेतली आणि माझी चार वर्षांची कमाई एका आठवड्यात धुळीला मिळाली.

"तुला नाही जमायची ही"

पहिल्याच दिवशी डाव्या पायाने घात केला. या गाडीला क्लच नाही. पण चार वर्षांची सवय! थांबायची वेळ आली की डावा पाय आपोआप क्लच शोधायला जायचा आणि पडायचा ब्रेकवर. गाडी जागच्या जागी ठप्प. मागचे हॉर्न, शेजारी हे. दोन दिवसांत ती सवय मोडली. पण ब्रेकचं कोडं काही सुटेना.

जुन्या गाडीचा ब्रेक मला पाठ होता. पाय ठेवला की थोडं पोकळ, मग घट्ट, मग जितकं दाबावं तितकी गाडी थांबायची. नव्या गाडीत तसं नाही. पाय नुसता टेकवला की ती लगेच धरायची. मऊ, आवाज न करता. आणि अगदी थांबताना, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या वेगाला आली की हलकासा हिसका. खड्ड्यात चाक गेलं असताना ब्रेक मारला तर क्षणभर गाडी हातातून निसटून पुढे गेल्यासारखं वाटायचं. आपल्याकडे खड्डे काय कमी आहेत का?

मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला तर काही वाटत नाही. तुला नाही जमायची ही. जुनी होती तीच बरी होती तुला." जिथून गाडी घेतली तिथे फोन केला. तिथला मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, सरांना पाठवा ना, सरांना समजावून सांगतो."

बचत गटात मी बायकांना सांगत असते, बँकेत गेलात की न कळलेलं तीनदा विचारा, लाजू नका. आणि मी? मी किल्ली खुंटीला अडकवली. तीन महिने गाडीला हात लावला नाही. पुन्हा काळीपिवळी, पुन्हा वाट बघणं. कुणी काही म्हटलं नाही, मीच स्वतःला म्हणत राहिले, की आपल्याला नाही जमायचं. बायका गाडी सोडतात ती बहुतेक अशीच, अपघात होऊन नव्हे. एक वाक्य पुरतं.

मग दिवाळीनंतर जामनेरहून फोन आला. आई अंगणात घसरली, मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय, पण घरात ती एकटी. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ सुरतेला. इकडे सोयाबीन-कपाशीचा हंगाम, ह्यांना दुकान सोडता येईना. सासूबाईच म्हणाल्या, "किल्ली काढ. मी येते संगं. हळूहळू जाऊ."

जालना, राजूर, भोकरदन, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा. राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले. सपाटीवर सगळं ठीक होतं. मग घाट आला, आणि घाटाच्या मध्यावर इंजिन बोंबललं.

आप्पांचं वाक्य

माझे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून या घाटातून मी कितीदा गेले असेन. घाटाच्या तोंडाशी आले की ते गिअर खाली टाकायचे. इंजिन घुमायचं, बस हत्तीसारखी सावकाश उतरायची. मी विचारायची, "आप्पा, उतारावर कशाला एवढा आवाज?" ते म्हणायचे, "ज्या गिअरनं चढायचं, त्याच गिअरनं उतरायचं. घाट ब्रेकवर उतरायचा नसतो, इंजिनावर उतरायचा. ब्रेक शिल्लक ठेवायचा."

पेट्रोल-डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांचा त्यांना फार राग. कुठे घाटात जळक्या रबरासारखा वास आला की म्हणायचे, "बघ, कुणाचे तरी ब्रेक तापले."

त्या संध्याकाळी ते वाक्य कानात आलं. मी ब्रेकवर पाय घट्ट दाबला, आणि गाडी शहाण्यासारखी हळू झाली. ब्रेक होता! फक्त तो वेगळा लागत होता. वीसच्या वेगाने, मागच्यांना पुढे जाऊ देत, फर्दापूरला उतरलो. तिथे टपरीवर चहा घेतला. कप हातात थरथरत होता. सासूबाई म्हणाल्या, "आवाज करू दे तिला. उतरलो ना नीट?"

जामनेरला आई दारातच उभी होती, गळ्यात हात बांधलेला. ड्रायव्हरच्या बाजूने मी उतरले हे बघून म्हणाली, "आप्पा पाहिजे होते आज."

सायकलचा डायनॅमो

परत आल्यावर मी ठरवलं, आता हे कळल्याशिवाय सोडायचं नाही. गाडीचं पुस्तक कप्प्यातून काढलं. तोवर ते प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. आणि माझा भाचा, जो इंजिनिअरिंग शिकतोय, त्याला जेवायला बोलावलं. पुरणपोळीच्या बदल्यात त्याने मला जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते.

आपल्या नेहमीच्या गाडीतला ब्रेक हायड्रॉलिक असतो, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलं दोन इंजेक्शनच्या सिरिंज नळीने जोडतात, आत पाणी भरतात. एक दाबली की दुसरी बाहेर येते. दुसरी जाड असेल तर ती जास्त जोराने ढकलते. तोच पास्कलचा नियम. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकाकडे दाब नेतं, तिथे दोन पॅड फिरती डिस्क दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. घासलं की गाडी थांबते. गाडीच्या वेगात जी ताकद होती तिची उष्णता होते आणि ती हवेत जाते. पोळीचा तवा गॅस बंद केल्यावर नुसताच गार होतो ना, तसं. वाया.

दुसरा ब्रेक म्हणजे रिजनरेटिव्ह. भाषांतर करायचं तर वीज परत मिळवणारा. यासाठी आपली जुनी सायकल आठवा. मागच्या चाकाला बाटलीसारखा डायनॅमो असायचा. रात्री तो टायरला टेकवला की दिवा लागायचा, पण पेडल जड व्हायचं. आठवतंय? दिवा फुकट लागत नव्हता, आपल्या पायातला जोर त्यात जात होता. हायब्रिड गाडीतही तसंच. गाडी पळताना बॅटरी मोटरला फिरवते आणि मोटर चाकांना. पाय उचलला किंवा ब्रेकवर ठेवला की काम उलटं होतं. चाकं मोटरला फिरवतात, मोटर डायनॅमो होते आणि वीज बॅटरीत जाते. वीज करायला जो जोर लागतो तो गाडीच्या वेगातून वजा होतो, म्हणून गाडी हळू होते. काही घासत नाही, काही तापून जळत नाही. म्हणून तो मऊ लागतो.

पण हा ब्रेक एकटा पुरत नाही. त्याचा जोर मर्यादित. अचानक कुत्रं आडवं आलं तर तिथे हायड्रॉलिकच हवा. शिवाय चाक अगदी हळू फिरायला लागलं की डायनॅमोत दम राहत नाही, हे सायकलवरही दिसायचं. थांबत आलो की दिवा मिणमिणायचा. म्हणून थांबायच्या शेवटच्या टप्प्यात गाडीतला संगणक काम हायड्रॉलिककडे सोपवतो. एका हातातून दुसऱ्या हातात भरलेली घागर देताना जरा हेलकावा बसतोच. माझा तो हलका हिसका म्हणजे हा हेलकावा होता!

आणखी एक गंमत. बऱ्याच पूर्ण हायब्रिड गाड्यांत पेडल थेट पॅडला जोडलेलं नसतं. आपण किती दाबलं ते संगणक मोजतो आणि किती काम मोटरने करायचं, किती पॅडनी, ते ठरवतो. पायाला जो विरोध जाणवतो तो मुद्दाम तयार केलेला असतो, आत त्यासाठी वेगळी स्प्रिंगची व्यवस्था असते. माझ्या पायाला "हे काहीतरी खोटं आहे" असं वाटत होतं ते अगदीच चूक नव्हतं तर! बिघाड झालाच तर पायाचा जोर थेट ब्रेक ऑइलपर्यंत पोचावा अशी सोय या गाड्यांत ठेवलेली असते, मात्र तेव्हा पेडल बरंच जोरात दाबावं लागतं.

बाजारात 'माइल्ड' म्हणजे सौम्य हायब्रिड गाड्याही आहेत. त्यांत मोटर छोटी, वीजही थोडीच परत मिळते. ब्रेक जवळजवळ नेहमीसारखाच लागतो. तेव्हा आपल्या घरी कोणती आहे ते आधी विचारून घ्या.

घाटात काय झालं?

आता घाटाचा हिशोब. आपल्याला विजेच्या बिलातलं युनिट चांगलं कळतं, म्हणून त्यातच सांगते. माणसांसकट १५०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर ती थांबवताना साधारण ०.०६ युनिट ऊर्जा मोकळी होते. म्हणजे १० वॅटचा एलईडी दिवा जवळजवळ सहा तास. यातली थोडी हवेत आणि टायरमध्ये जाते, उरलेली परत मिळते. गावातल्या थांबत-चालत रहदारीत असे थेंब थेंब साठतात, म्हणूनच ही गाडी हायवेपेक्षा बाजारपेठेत जास्त बचत दाखवते.

पण तीच गाडी घाटात शंभर मीटर खाली उतरली तर सुमारे ०.४ युनिट मोकळं होतं. आणि अशा हायब्रिड गाडीची बॅटरी असते केवढी? बहुतेकींची एक युनिटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तीही पूर्ण रिकामी किंवा काठोकाठ भरू देत नाहीत, तिचं आयुष्य टिकावं म्हणून. म्हणजे घाटाच्या मध्यावर आमचा रांजण भरला! नळ चालू, पण भांडंच उरलं नाही. मग मोटरला जास्तीची वीज घेता येईना. तेव्हा गाडीने काय केलं? इंजिन फिरवायला घेतलं, त्याच्या विरोधावर स्वतःला आवरायला. आणि बाकीचं काम पॅडवर सोपवलं.

तो बोंबलण्याचा आवाज म्हणजे आप्पांचा खालचा गिअर होता, मैत्रिणींनो! आप्पा हाताने करायचे ते गाडी आपणहून करत होती. भाच्याने हे सांगितलं तेव्हा पुरणपोळी वाढता वाढता मी तशीच उभी राहिले.

काही हायब्रिड गाड्यांत 'डी'शेजारी 'बी' अशी जागा असते. ती लांब उतारासाठी. 'बी'त टाकलं की पाय उचलल्यावर गाडी जास्त ओढून धरते. काही गाड्यांत हे काम स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी होतं. आमच्या गाडीत 'बी' होताच. तीन महिने मी तो बघत होते. मला वाटायचं, बॅकचा 'बी' असेल!

खड्ड्याचं म्हणाल, तर त्याचीही गोष्ट आहे. खड्ड्यात किंवा ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागलं की चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा पुढे येते. त्या क्षणी मोटरचा ब्रेक सोडून सगळं काम हायड्रॉलिककडे जातं. त्या बदलात क्षणभर गाडी निसटल्यासारखं वाटू शकतं. जपानच्या टोयोटा कंपनीने १९९७ मध्ये प्रियस ही हायब्रिड गाडी आणली. तिच्या पुढच्या पिढीच्या चालकांनी २०१० च्या सुमारास नेमकी हीच तक्रार केली होती. उंचसखल रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो, म्हणून. सुरुवातीला कंपनीचं म्हणणं होतं, की हा जाणवण्याचा प्रश्न आहे, घट्ट दाबलं की गाडी थांबते. पण फेब्रुवारी २०१० मध्ये प्रियस आणि इतर हायब्रिड मिळून जगभरातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावून त्यांच्या ब्रेकची संगणक-आज्ञावली सुधारावी लागली.

हे वाचून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे जगभरच्या लोकांच्या पायांना जे जाणवलं तेच माझ्या पायाला जाणवलं होतं. "मला वाटतंय" हे म्हणणं काही वेडेपणा नव्हे. आज गाड्या सुधारल्या आहेत, पण दोन ब्रेकमधला फरक पायाला कळतोच, आणि कळायलाच हवा.

आपल्या दारात आलेली गोष्ट

ही सगळी श्रीमंतांच्या गाड्यांची कौतुकं, असं कुणी म्हणेल. तसं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये हा ब्रेक कित्येक वर्षांपासून आहे. एक लोकल थांबताना तयार झालेली वीज तारेतून दुसऱ्या लोकलला पळवते. दिल्ली मेट्रोच्या अशा ब्रेकमुळे वाचणाऱ्या विजेची दखल २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन क्रेडिट योजनेत घेतली गेली. आपल्या जालन्याहून ३० डिसेंबर २०२३ ला मुंबईची वंदे भारत सुरू झाली, ती २०२५ मध्ये नांदेडपर्यंत नेली. त्या गाडीतही हाच ब्रेक आहे. पुढच्या वेळी स्टेशनात शिरताना ती किती अलगद हळू होते ते बघा.

शेजारी संभाजीनगरजवळ बिडकीनला हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांचा मोठा कारखाना उभारण्यासाठी टोयोटाने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, सुमारे वीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा. आपल्या पोरी-पोरांना उद्या याच यंत्रांवर काम मिळायचं आहे. राज्य सरकारने २०२४ मध्येच महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली. विजेवरच्या दुचाकी तर आता प्रत्येक गल्लीत दिसतात. त्यांतल्या अनेकींत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप ओढून धरते. आमच्या गटातल्या एका ताईने नवी स्कूटर घेतली आणि पहिल्या दिवशी "ही मधेच अडकते" म्हणून परत करायला निघाली होती. मी तिला सायकलचा डायनॅमो आठवायला सांगितला. आता ती रोज त्याच गाडीने शाळेत पोषण आहार शिजवायला जाते.

म्हणून, घरात अशी गाडी असेल किंवा येणार असेल तर एवढं करा. पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानात जा. आधी पाय नुसता टेकवून, मग मध्यम, मग मागे कुणी नाही हे बघून एकदा पूर्ण जोराने ब्रेक मारून बघा. संकटाच्या वेळी ब्रेक घट्ट दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. तेव्हा पायाखाली खडखड झाली तर ती एबीएसची असते, पाय काढायचा नाही. उतारावर न्यूट्रल करू नका. बहुतेक हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी भरत नाही आणि मोटरचा ब्रेकही मिळत नाही. घाट लागायच्या आधीच वेग कमी करा, 'बी' असेल तर वापरा. इंजिन ओरडलं तर घाबरू नका.

आणि महत्त्वाचं : मोटरचा ब्रेक काम करतो म्हणून पॅड कमी झिजतात, हे खरं. पण म्हणून "याला काही बघावं लागत नाही" असं म्हणू नका. कमी वापरली जाणारी डिस्क पावसाळ्यात गंजू शकते. ब्रेक ऑइल तर हवेतली ओल शोषत राहतं, गाडी चालो वा न चालो. ओल शिरली की जास्त तापल्यावर त्यात वाफ धरते आणि पेडल ऐनवेळी पोकळ लागतं. तेव्हा पुस्तकात सांगितल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांत साधारण दोन वर्षांनी, ते बदलून घ्या. पेडल एकाएकी खाली जायला लागलं, ब्रेक मारताना कर्कश घासल्याचा आवाज आला, गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा समोर ब्रेकचा लाल दिवा लागला, तर ती सवयीची बाब नाही. गाडी बाजूला घ्या आणि दाखवा. वेगळं लागणं आणि बिघडणं यातला फरक आपल्याला कळला पाहिजे. आणि दुकानदार "सरांना पाठवा" म्हणाला तर सांगा, "गाडी मी चालवते, मलाच सांगा."

आईचं प्लास्टर काढायला जायचं होतं तेव्हा हे सोबत आले. किल्लीसाठी हात पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःच डाव्या बाजूला जाऊन बसले. अजिंठा गावातून पुढे निघालो. घाटाच्या तोंडाशी मी वेग कमी केला, 'बी'त टाकलं. गाडी आवरून उतरायला लागली. थोड्या वेळाने इंजिन घुमलं.

"काय झालं गं? आवाज कसला?" ह्यांनी दचकून दांडा धरला.

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "काही नाही झालं. बॅटरी भरली तिची. गप बसा."

फर्दापूरपर्यंत मग कुणी काही बोललं नाही. खाली आल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "तो 'बी' कशाचा असतो?"

मी सांगितलं, "आप्पांचा गिअर आहे तो." आणि मग नीट समजावून सांगितलं, सायकलच्या डायनॅमोपासून.